२१४ वी ओळ

टेस्टिंगच्या त्या एक्सेल शीटमधली २१४ वी ओळ मला अजून तोंडपाठ आहे. तारीख, पॉलिसी नंबर आणि शेवटच्या रकान्यात शेरा: हप्ता भरलाय तरी पॉलिसी लॅप्स (बंद पडलेली) दिसतेय, बघावं लागेल. आमच्या टीममधल्या सगळ्यात ज्युनिअर टेस्टरनं, म्हणजे प्रोग्रॅममधल्या चुका शोधणाऱ्या मुलानं, ती लिहिली होती. पुढचे २६ दिवस ती ओळ कुणीही वाचली नाही. ती वाचणं माझं काम होतं.

गेल्या महिन्यात आमच्या आयटी कंपनीत नव्यानं लीड, म्हणजे मॅनेजरच्या हाताखाली टीम सांभाळणारे, झालेल्या सहा जणांशी बोलायला मला बोलावलं होतं. एकीनं विचारलं, मॅनेजर म्हणून तुम्ही सगळ्यात महत्त्वाचं काय शिकलात? मी या ओळीबद्दल सांगायला लागले. तास संपला, पण सांगायचं बरंच राहिलं. म्हणून इथे लिहितेय.

२०१७ ची गोष्ट. पुण्याजवळच्या हिंजवडीत, आयटी पार्कच्या फेज दोनमधल्या एका ऑफिसात आमची नऊ जणांची टीम होती. क्लायंट इंग्लंडमधली विमा कंपनी. त्यांच्या जुन्या मेनफ्रेमवरच्या (मोठ्या मध्यवर्ती कॉम्प्युटरवरच्या) अडीच लाखांहून जास्त पॉलिसी नव्या सिस्टीमवर आणायच्या होत्या. जुना कोड कोबोल या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेतला, त्याची कागदपत्रं अर्धवट. सप्टेंबरच्या पहिल्या वीकेंडला गो-लाइव्ह, म्हणजे नवी सिस्टीम प्रत्यक्ष सुरू करणं, ठरलं होतं. दर शुक्रवारी दुपारी मी स्टेटस रिपोर्ट पाठवायचे. ११ आठवडे तो हिरवा होता, म्हणजे सगळं ठीक.

आमच्या धंद्यात अशा प्रोजेक्टला कलिंगड म्हणतात. वरून हिरवं, आतून लाल. हा शब्द मला तेव्हाही माहीत होता. आपलंच प्रोजेक्ट कलिंगड झालंय हे मात्र कळत नव्हतं, कारण मी खोटं लिहीत नव्हते. माझ्यापर्यंत जे येत होतं ते हिरवंच होतं.

गणपतीच्या आदल्या शनिवारी, १९ ऑगस्टला, आम्ही पूर्ण डेटावर मॉक रन, म्हणजे रंगीत तालीम, घेतला. संध्याकाळी साडेसातच्या सुमारास आकडे आले. चार हजारांच्या आसपास चालू पॉलिसी नव्या सिस्टीमनं लॅप्स करून टाकल्या होत्या. या चार हजार लोकांनी वेळेवर हप्ते भरले होते. त्यातला एखादा गेला असता, तर त्याच्या बायकोला फोनवर सांगितलं गेलं असतं की पॉलिसी बंद आहे. त्या आकड्यामागे माणसं आहेत हे मला त्या रात्री पहिल्यांदा नीट जाणवलं. इतके महिने मी त्यांना रेकॉर्ड म्हणत होते.

चूक समजायला सोपी होती. ज्यांची हप्त्याची तारीख ३१ होती, त्यांचा हप्ता जुनी सिस्टीम ३० दिवसांच्या महिन्यात ३० तारखेला ओढायची. आमच्या प्रोग्रॅमनं तो पुढच्या महिन्याच्या १ तारखेला ढकलला. म्हणजे एप्रिलमध्ये हप्ताच नाही, आणि मेमध्ये दोन. लोकांनी एप्रिलमध्ये भरलेले पैसे जास्तीचे म्हणून बाजूला पडले आणि मेमध्ये एक हप्ता थकलेला दिसला. दुरुस्ती तशी छोटी. पण तारखांचा तोच हिशोब आणखी ११ ठिकाणी वापरला होता, आणि प्रत्येक ठिकाण पुन्हा तपासावं लागणार होतं.

रविवारी क्लायंटबरोबर कॉल झाला. त्यांच्याकडच्या एक बाई होत्या, पॉलिसी सर्व्हिसिंगमध्ये तीसेक वर्षं काढलेल्या. त्यांनी आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं की तुमच्याकडे हे सगळ्यात आधी कुणाला माहीत होतं? मी म्हणाले, कुणालाच नाही, कालच कळलं. बोलताना मला ते खरं वाटत होतं. कॉल संपल्यावर टेस्टिंगच्या सगळ्या शीट उघडून बसले, तेव्हा २१४ वी ओळ सापडली. तारीख २४ जुलै.

सोमवारी मी त्या मुलाला कँटीनमध्ये घेऊन गेले. लातूर जिल्ह्यातला, पहिलीच नोकरी, दोन वर्षं झालेली. कॉलवर तो कधी बोलायचा नाही. मी विचारलं, अरे, तुला हे महिन्याभरापूर्वी दिसलं होतं, मग माझ्याकडे का नाही आलास? तो बराच वेळ चहाच्या कपाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "लीडला सांगितलं होतं मॅडम. ते म्हणाले टेस्ट डेटामुळं असेल. आणि तुम्हीच म्हणाला होतात ना, प्रॉब्लेम नको, सोल्यूशन घेऊन या. माझ्याकडं सोल्यूशन नव्हतं."

मी हे खरंच म्हणाले होते. जुलैच्या सुरुवातीला एका डेव्हलपर मुलीनं मीटिंगमध्ये जुन्या तारखांच्या टेबलची माहिती मिळत नसल्याचं सांगितलं होतं. मी घाईत होते. नऊ जणांसमोर तिला म्हणाले, "प्रॉब्लेम सगळ्यांनाच दिसतात गं, सोल्यूशन घेऊन ये." हे वाक्य मी माझ्या पहिल्या मॅनेजरकडून उचललं होतं. मला ते कणखर वाटायचं. तुमच्यापैकी किती जणांनी ते ऐकलंय आणि किती जण आज वापरताय, ठाऊक नाही. वापरत असाल तर कृपा करून बंद करा. त्या वाक्याचा टीमला कळणारा अर्थ असा असतो: उत्तर सापडेपर्यंत गप्प बसा. आणि ज्या अडचणीचं उत्तर ज्युनिअरला सापडत नाही, तीच तर मॅनेजरपर्यंत सगळ्यात आधी पोचायला हवी असते.

मला सगळ्यात जास्त लागलं ते याचं, की हे मला लहानपणापासून माहीत होतं.

माझे वडील, अण्णा, सांगली जिल्ह्यातल्या एका एसटी आगारात हेड मेकॅनिक होते. शाळा सुटल्यावर मी डबा द्यायला वर्कशॉपमध्ये जायचे. संध्याकाळच्या गाड्या आत यायच्या, चालक उतरून गाडीची तक्रार लिहायचे. ब्रेक डावीकडं ओढतोय, तिसरा गिअर सुटतोय, रात्री उजवा दिवा मिणमिणतोय. कुणी मोठी तक्रार आणली की अण्णा त्याला आधी चहा पाजायचे, मग गाडीखाली शिरायचे. एकदा मी विचारलं, एवढ्या गाड्यांतली आधी कुठली बघायची हे तुम्ही कसं ठरवता? अण्णा म्हणाले, "जो डायवर कधीच काय लिवत नाही, त्याची गाडी मी आधी बघतो."

११ आठवडे हिरवा रिपोर्ट. चाळीस वर्षांची एसटी नोकरी झालेल्या माणसाची मुलगी मी, आणि कधीच तक्रार न येणाऱ्या गाडीवर निर्धास्त बसले होते.

त्याच वर्षी, २०१७ च्या ३१ जानेवारीला, गिटलॅबमध्ये (प्रोग्रॅमरांचा कोड साठवणाऱ्या कंपनीत) झालेला प्रकार आमच्या क्षेत्रात सगळ्यांनी वाचला होता. रात्री उशिरापर्यंत काम करत असलेल्या एका इंजिनिअरनं दुय्यम सर्व्हर समजून मुख्य डेटाबेसचा सुमारे ३०० जीबी डेटा उडवला. बॅकअपचे पाच मार्ग होते, ऐन वेळी एकही धड कामाला आला नाही. त्याच इंजिनिअरनं दुसऱ्याच कामासाठी सहा तास आधी हातानं घेतलेला एक स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाच्या डेटाची प्रत, होता, त्यावरून बहुतेक सगळं परत आलं. मधल्या सहा तासांतल्या नोंदी मात्र गेल्या. त्यांनी दुरुस्तीचं काम लोकांना थेट यूट्यूबवर दाखवलं, नोट्स सगळ्यांसाठी खुल्या ठेवल्या, आणि अहवालात त्या इंजिनिअरचं नाव लिहिलं नाही. मी तो अहवाल फेब्रुवारीत टीमला फॉरवर्ड केला होता. वर लिहिलं होतं: आपले बॅकअप तपासून घ्या.

ऑगस्टनंतर मी तो पुन्हा वाचला, तेव्हा एका तपशिलापाशी थांबले. त्यांचा नेहमीचा बॅकअप प्रत्यक्षात होतच नव्हता, व्हर्जन जुळत नसल्यामुळे. आणि तो होत नसल्याचे ईमेल निघत होते. फक्त मेल सर्व्हर ते नाकारत होता, त्यामुळे कुणाच्या हाती पडत नव्हते. बातमी निघाली होती, पोचत नव्हती.

नाइट कॅपिटलचंही तसंच. १ ऑगस्ट २०१२. अमेरिकेतली ही शेअर व्यवहारांतली मोठी कंपनी. नवा कोड आठ सर्व्हरवर टाकायचा होता. सातांवर गेला, एकावर राहिला, आणि दुसऱ्या कुणी ते ताडून पाहिलं नाही. राहिलेल्या सर्व्हरवर वर्षानुवर्षं न वापरलेला जुना कोड पडून होता आणि नव्या कोडनं नेमका त्याचाच फ्लॅग (तो कोड चालू करणारी खूण) पुन्हा वापरला होता. बाजार उघडला, जुना कोड जागा झाला, आणि ४५ मिनिटांत कंपनीचं ४६ कोटी डॉलरहून जास्त नुकसान झालं. हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण तिथल्या नियामकानं २०१३ मध्ये काढलेल्या आदेशात अजून एक गोष्ट आहे. त्या सकाळी बाजार उघडण्याआधीच कंपनीच्या सिस्टीमनं कर्मचाऱ्यांना ९७ ईमेल पाठवले होते, आणि त्यात त्याच जुन्या कोडचं नाव घेऊन त्रुटी नोंदवली होती. हे ईमेल धोक्याची सूचना म्हणून वाचायचे असतात असं कुणी ठरवलेलंच नव्हतं, म्हणून कुणी वाचले नाहीत.

९७ ईमेल आणि माझी एक ओळ. नुकसानाचा आकार वेगळा, घडलं तेच.

आता पुढचं. मंगळवारी मी क्लायंटच्या त्या बाईंना स्वतःहून फोन केला आणि सांगितलं की रविवारी मी चुकीचं बोलले, आमच्याकडे २४ जुलैलाच हे नोंदलं गेलं होतं. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, आता आपण तारखेबद्दल बोलू शकतो. माझ्या १९ वर्षांच्या नोकरीतला हा सगळ्यात अवघड फोन होता, आणि त्यानंतर त्यांनी माझ्या एकाही आकड्यावर शंका घेतली नाही.

आमच्या वरच्या मंडळींचा पहिला उपाय ठरलेला होता: अजून पाच माणसं घ्या. बेंचवर, म्हणजे प्रोजेक्ट नसलेली, होतीही. सॉफ्टवेअर प्रोजेक्टवर गाजलेलं पुस्तक लिहिणाऱ्या फ्रेड ब्रुक्स यांनी आयबीएममधल्या अनुभवावरून १९७५ मध्येच सांगून ठेवलंय की उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टवर माणसं वाढवली की उशीर वाढतो. मी फळ्यावर हिशोब मांडून दाखवला. नऊ जणांत एकमेकांशी बोलायच्या ३६ जोड्या होतात, चौदा जणांत ९१. आमचं दुखणंच मुळी एकाचं दुसऱ्यापर्यंत न पोचण्याचं होतं. पाचांऐवजी मी एकच माणूस मागितला, जुन्या कोबोलमध्ये आयुष्य गेलेला. तो मिळाला. गो-लाइव्ह सहा आठवडे पुढे गेलं, दिवाळीच्या आधीच्या शनिवारी, १४ ऑक्टोबरला. एकही पॉलिसी चुकीनं लॅप्स झाली नाही.

लीडवर मी चिडले नाही असं म्हणणार नाही. चिडले होते. पण त्याच्याशी दोन तास बोलल्यावर कळलं, तोही माझ्या त्याच वाक्याला घाबरलेला होता. टीममधलं कुणी लपवतंय असं वाटलं की आधी स्वतःकडे बघावं, हे तेव्हापासून पाळते.

काय बदललं ते सांगते. सगळं इथे मावणार नाही.

सर्वांत आधी भाषा. याबद्दल आपण फार कमी बोलतो. आमच्या टीममधली निम्मी मुलं लातूर, जळगाव, बुलढाणा, कोल्हापूरकडची, बहुतेकांची शाळा मराठीत झालेली. कोड उत्तम लिहितात. पण ऑनसाइट कॉलवर, म्हणजे क्लायंटकडच्या लोकांशी बोलताना, इंग्रजीत, समोर चार गोरे चेहरे असताना, "मला इथे काहीतरी गडबड वाटतेय" हे वाक्य म्हणणं फार कठीण असतं. गडबड वाटणं ही धूसर गोष्ट आहे, ती परक्या भाषेत मांडायला शब्द सापडत नाहीत. मग मुलं गप्प राहतात आणि आपण त्याला संमती समजतो. आता प्रत्येक कॉलनंतर आम्ही दहा मिनिटं आपसात बसतो, मराठी, हिंदी, ज्याला जे येईल त्यात. कॉलवर जे राहून गेलं ते त्या दहा मिनिटांत निघतं. टीममध्ये एक मुलगा चेन्नईचा होता, त्याच्यासाठी त्याच्या भाषेतली एक सहकारी शेजारच्या टीममधून येऊन बसायची. एवढी सोय करणं मुळीच जड नाही.

दुसरं, "होऊन जाईल". हे दोन शब्द ऐकले की मी थांबते. होऊन जाईल म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो, त्याला तुम्हाला नाराज करायचं नसतं. "नव्वद टक्के झालंय" हेही तसंच. टक्के मी विचारणं सोडून दिलं. विचारते ते असं: चालतंय ते दाखव, आणि यातलं तुला कशाची खात्री नाही ते सांग. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सुरुवातीला कुणी देत नाही. पहिले दोन महिने मीच माझी उत्तरं द्यायचे. या रिलीजमध्ये (बाहेर पडणाऱ्या नव्या आवृत्तीत) मला अमुक गोष्ट कळलेली नाही, तमुक एस्टिमेट मी अंदाजानं टाकलंय. मॅनेजरला माहीत नसतं हे उघडपणे दिसलं की मुलांची जीभ सुटते.

तिसरं, पहिले पाच सेकंद. वाईट बातमी घेऊन कुणी डेस्कपाशी आलं की आपला चेहरा काय करतो, यावर पुढचं वर्षभर ठरतं. मी स्वतःला एक ठरावीक वाक्य लावून घेतलंय: "बरं झालं सांगितलंस, बस, पहिल्यापासून सांग." मनातून घाबरलेली असले तरी हेच म्हणते.

आणि दर आठवड्याला टेस्टिंगच्या शीटमधल्या कुठल्याही वीस ओळी मी स्वतः वाचते. शेऱ्यांसकट. लीडला सांगून वाचते, त्याच्या पाठीमागून नाही. सुरुवातीला मी लीडला वगळून मुलांशी थेट बोलायचा प्रयोग केला होता, तो चुकला. लीडचा मान गेला आणि मुलंही अवघडली.

वरच्या बाजूचं मात्र खरंच अवघड आहे, आणि त्यावर माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. तुमच्या साहेबांना हिरवाच रंग हवा असेल तर काय करायचं? मी एवढंच शिकले की वाईट बातमी वर नेताना तिला आकार द्यावा. काय घडलं, कुणाला फटका बसेल, काय कळलंय, काय अजून कळायचंय, आणि पुढची खबर किती वाजता देणार. सहा वाजता म्हटलं तर सहालाच, नवीन काही नसलं तरी. रागावणारे साहेबही सहाच्या फोननंतर निवळतात, असा माझा अनुभव आहे. सगळे नाही निवळत. एकदा मला त्याची किंमत अप्रेझलमध्ये मोजावी लागली. तरीही पुन्हा तसंच करीन.

अप्रेझलवरून आठवलं. त्या वर्षी त्या टेस्टरचं रेटिंग सरासरीच्या खाली लागत होतं. कारण लिहिलं होतं: संवादकौशल्य कमी. मी एचआरपुढे २१४ व्या ओळीची प्रिंट ठेवली. नऊ जणांत एकट्या त्याला चूक दिसली होती, त्यानं ती लिहिली होती, लीडला सांगितलीही होती. त्याचा संवाद झाला होता, ऐकणारं कुणी नव्हतं. तीन मीटिंग लागल्या. रेटिंग बदललं. आज तो दुसऱ्या एका कंपनीत टेस्ट लीड आहे आणि दिवाळीला त्याचा फोन येतो.

अण्णा आता माझ्याकडेच असतात, वाकडला. वय ७८. मी घरी आले की विचारतात, "आज कुठली गाडी अडली?" मी सांगते. डेटाबेस, रिलीज त्यांना कळत नाही, पण कोण कुणाला काय बोललं ते बरोबर कळतं.

परवा गुरुवारी रात्री पावणेअकराला टीममधल्या एका मुलीचा फोन आला. जॉइन होऊन दोन महिनेही झालेले नाहीत. आवाज बारीक झाला होता. "मॅडम, उशीर झालाय, सॉरी. उद्याच्या रिलीजमध्ये एक काहीतरी विचित्र दिसतंय. का होतंय ते मला अजून कळलेलं नाही."

"बरं झालं सांगितलंस," मी म्हणाले, "पहिल्यापासून सांग."

मी लॅपटॉप उघडला. अण्णांनी टीव्हीचा आवाज कमी केला.